लेन्स घालायच्यात? आधी हात दाखवा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम मी बारा वर्षं करतेय. कॉन्टॅक्ट लेन्ससाठी कुणी नवीन आलं की नंबर विचारायच्या आधी मी म्हणते, "हात दाखवा बघू." माणूस बिचकतो आणि ज्योतिषाकडे आल्यासारखा तळवा पुढे करतो. मला बोटांची टोकं बघायची असतात. नखं किती वाढलीत, उद्यमनगरातल्या कारखान्याचं ग्रीस आहे का, सकाळी नाश्त्याला काय झालंय, सगळं तिथं कळतं.

गेल्या महिन्यात कागलहून मायलेकी आल्या. लेकीचं लग्न महिन्यावर आलेलं आणि फोटोत चष्मा नको, म्हणून लेन्स. पोरीच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी लालसर पिवळी. "मिसळ खाऊन आलाय ना?" मी विचारलं. आई हसली. "कोल्हापूरला यायचं आणि मिसळ न खाता जायचं, असं कसं ओ ताई?" खरं आहे. पण त्या बोटानं लेन्स डोळ्यात गेली असती, तर पोरीनं जन्मात पुन्हा लेन्सचं नाव काढलं नसतं.

लेन्स डोळ्यात बसते, पण तिचं बरंवाईट हातावर ठरतं. आणि आपल्याकडचा हात सदानकदा कशात तरी बुडालेला असतो. कटात, गुलालात, तालमीच्या मातीत, नाहीतर पाण्यात.

चष्म्याचा कागद पुरत नाही

"ह्याच नंबरच्या द्या," म्हणत बरेचजण चष्म्याचा कागद पुढे सरकवतात. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स थेट डोळ्यावर बसते. नंबर चारच्या आत असेल तर या अंतरानं फारसा फरक पडत नाही, त्यापुढे पडतो. चष्मा उणे ५ चा असेल तर लेन्स उणे ४.७५ ची लागते, उणे ६ ला साधारण उणे ५.५०. अधिक नंबरात उलटं होतं, लेन्सचा आकडा चष्म्यापेक्षा मोठा येतो.

शिवाय लेन्सच्या खोक्यावर आणखी दोन आकडे असतात, बेस कर्व्ह म्हणजे लेन्सचा बाक आणि डायमीटर म्हणजे तिची रुंदी. कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पारदर्शक पडदा. त्याचा बाक प्रत्येकाचा वेगळा. केराटोमीटरवर तो मोजायचा आणि त्या अंदाजानं ८.४, ८.६ अशी लेन्स निवडायची. सैल लेन्स प्रत्येक उघडझापीला घसरते. घट्ट लेन्स सकाळी बरी वाटते आणि संध्याकाळी डोळा लाल करते. पायताणासारखंच आहे हे. सात नंबर आहे म्हणून कुठलंही सात नंबरचं पायताण आपण घेत नाही, दुकानात चार पावलं चालून बघतो. तशी ट्रायलची लेन्स घालून वीसेक मिनिटं बसायचं, मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, बघायचं की पापणी मिटल्यावर लेन्स किंचित हलते का आणि हललेली परत जागेवर येते का. हे काही न करता कुणी नुसतं खोकं हातात ठेवत असेल तर दुसरं दुकान गाठा. यावरून आमच्या धंद्यातले काहीजण माझ्यावर रागावतील. रागावू देत.

सिलिंडर नंबर असेल, म्हणजे डोळ्याचा बाक सगळ्या बाजूंनी सारखा नसेल, तर टोरिक लेन्स लागते. ती डोळ्यात गोल फिरून चालत नाही, म्हणून तिची ठेवण अशी असते की पापणी मिटली तरी ती ठरल्या जागी उभी राहते. कॉर्निया शंकूसारखा पुढे येत चाललेला असेल, म्हणजे केराटोकोनस असेल, तर मऊ लेन्सनं भागत नाही. तिथं ऑक्सिजन जाऊ देणाऱ्या कडक लेन्स (आरजीपी) किंवा डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या स्क्लेरल लेन्स लागतात आणि ते काम डोळ्यांच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं.

तपासणीत काही लपवू नका. डोळे सारखे चोळायची सवय, कोरडेपणा, शुगर, चालू असलेल्या गोळ्या, कामाची जागा, सगळं सांगा. खाजऱ्या डोळ्यांना आधी औषध लागतं, लेन्स नंतर.

रोजच्या की महिन्याच्या?

नवख्यानं शक्यतो डेली घ्याव्यात. सकाळी नवीन उघडायची, रात्री टाकून द्यायची. धुणं नाही, डबी नाही, लेन्स धुवायचं सोल्यूशन नाही. म्हणजे चुकायच्या जागाच कमी. ३० च्या खोक्यात एकाच नंबरच्या ३० लेन्स असतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तर ते पंधरा दिवस पुरतं, वेगळा असेल तर दोन खोकी घ्यावी लागतात. रोज घालणाऱ्याला हा खर्च जड जातो, मान्य. पण लग्नकार्याला, नाहीतर आठवड्यातून दोनदा घालणाऱ्याला उलट डेलीच परवडते.

कारण महिन्याच्या लेन्सचा महिना पाकीट फोडल्या दिवसापासून मोजतात. "मी दहाच वेळा घातली, अजून वीस दिवस चालंल," हा हिशेब मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. चालत नाही. डबीत पडून राहिली तरी तिचं वय वाढतच असतं. फोडल्याची तारीख मोबाईलमध्ये टाका, तीस दिवसांनी गजर लावा.

साहित्याबद्दल थोडं. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळं तो आपला ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो. वर लेन्स आली की त्या वाटेवर पडदा येतो. १९९९ च्या सुमारास बाजारात आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स साध्या हायड्रोजेलपेक्षा पुष्कळ जास्त ऑक्सिजन जाऊ देतात, म्हणून दिवसभर घालणाऱ्याला त्याच बऱ्या. (मऊ लेन्सचा जन्मही मजेशीर आहे. १९६१ च्या नाताळात प्राग शहरात ओटो विख्तर्ले नावाच्या रसायनतज्ज्ञानं घरीच, मुलाच्या खेळण्यातल्या जोडणीच्या पट्ट्या आणि चाकं घेऊन यंत्र बनवलं आणि त्यावर पहिल्या चांगल्या मऊ लेन्स काढल्या.)

निळ्या, घाऱ्या, हिरव्या बिननंबरी लेन्सची मात्र मला धास्ती वाटते. नंबर नाही म्हणून तपासणी नाही, असं लोक धरून चालतात. लेन्स रंगीत असो वा बिनरंगी, बसते त्याच कॉर्नियावर. फिटिंग लागतं, साफसफाई लागते. आणि एका लग्नात पाच करवल्या एकच जोडी आळीपाळीनं घालताना मी स्वतः पाहिलंय. दुसऱ्याची लेन्स डोळ्यात घालू नये, मग ती सख्ख्या बहिणीची का असेना.

घालताना

बेसिनपाशी उभं राहून शिकू नका. लेन्स पडली की मोरीत जाते, आणि आजूबाजूला पाण्याचे शिंतोडे असतातच. टेबलाशी बसा, स्वच्छ कपडा अंथरा, आरसा आडवा ठेवा.

हात साध्या साबणानं धुवा. क्रीमवाला, वासाचा साबण नको, त्याचा थर बोटावर राहतो. मग हात पूर्ण कोरडे करा, पण पंचाला पुसू नका, त्याचे तंतू बोटाला चिकटून डोळ्यात जातात. बोट ओलं असेल तर लेन्स बोटालाच चिकटते, डोळ्यावर उतरत नाही. निम्म्या नवख्यांचं इथंच अडतं आणि त्यांना वाटतं आपले डोळेच लहान आहेत.

उजव्या डोळ्यापासूनच सुरुवात करा, कायम. सवय लागली की अदलाबदल होत नाही. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून उजेडात धरा आणि बाजूनं बघा. काठ सरळ वर उभे असतील, आमटीच्या वाटीसारखे, तर सुलटी. काठ ताटलीसारखे बाहेर पसरले असतील तर उलटी. काही लेन्सवर १२३ असे बारीक आकडे असतात, ते सरळ वाचता आले की झालं. उलटी गेली तरी घाबरायचं कारण नाही, फक्त टोचत राहील.

त्याच हाताच्या मधल्या बोटानं खालची पापणी ओढा. दुसऱ्या हातानं वरची पापणी अगदी केसांच्या मुळाशी धरा आणि भुवईकडे दाबून ठेवा. बहुतेकजण पापणी अर्ध्यात धरतात, मग ती निसटून मिटते. समोर आरशात बघा, लेन्स अलगद टेकवा, बोट बाजूला घ्या, खाली बघा, मग पापण्या एकेक करून हळू सोडा. टोचत असेल तर चोळू नका. काढा, सोल्यूशननं धुवा, पुन्हा घाला.

कागलच्या पोरीला पहिली लेन्स बसायला चाळीस मिनिटं लागली. बोट जवळ आलं की डोळा गच्च. आई मागून, "अगं, डोळं मोठं कर की! एरवी माझ्यावर वटारतीस ते?" शेवटी मी आईला बाहेर चहाला पाठवलं. तिची पाठ फिरली आणि दोन मिनिटांत लेन्स बसली. पोरीनं वर बघितलं आणि पहिलं वाक्य काय, तर "ताई, भिंतीवर पाल हाय." बारा फुटांवरची पाल तिला चष्म्याशिवाय दिसली होती. मला माझ्याच दुकानातली पाल त्या दिवशी कळली.

पहिल्या दिवशी चार तासच. मग रोज तास-दोन तास वाढवत आठवड्याभरात आठ-दहा तासांवर या. त्याच्यापुढं, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, ताणू नका.

काढताना, आणि डावा हात

वर बघा, तर्जनीनं लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवा, अंगठा आणि तर्जनीत हलकी चिमटी घ्या. नख लावायचं नाही, बोटाचा गुबगुबीत भाग लावायचा. लेन्स सुकून घट्ट वाटत असेल तर ओढाताण नको, लेन्सवर चालणारे वंगणाचे दोन थेंब टाकून थोडं थांबा. आणि ती डोळ्याच्या मागं जाईल ही भीती सोडा. पापणीच्या आतलं अस्तर दुमडून डोळ्याला जोडलेलं असतं, मागं जायला वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली दुमडून बसेल.

मी सगळ्यांना काढायचं काम डाव्या हातानं शिकवते. आपण जेवतो उजव्या हातानं. रात्री तांबड्या रश्श्यात भाकरी कुस्करून झाली, हात धुतले, आणि तासाभरानं त्याच बोटांनी लेन्स काढली की अर्ध्या रात्री डोळा पेटतो. मिरचीचा जाळ तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून नुसत्या पाण्यानं हात धुणं फुकट आहे. बोटांना आधी खोबरेल चोळायचं, मग भांड्याच्या साबणानं, मग साध्या साबणानं दोनदा धुवायचं. एवढं करून पण नखाच्या कपारीत चटणी राहतेच. त्यापेक्षा रात्री जेवायच्या आधी लेन्स काढा. घरात मिरच्या कुटायचे, कांदा-लसूण चटणी करायचे दिवस असतील तर तेवढे दिवस चष्मा.

तरी झालंच तर डाव्या, स्वच्छ हातानं लेन्स काढा आणि टाकून द्या. मऊ लेन्स स्पंजासारखी शोषते, धुऊन ती भरवशाची राहत नाही. लेन्स निघाल्यावर डोळा स्वच्छ पाण्यानं भरपूर धुवा.

पाण्याशी वैर

महिन्याची लेन्स काढली की तळहातावर ठेवा, सोल्यूशनचे थेंब घाला, बोटानं दोन्ही बाजू वीसेक सेकंद चोळा, पुन्हा सोल्यूशननं धुवा, डबीत ताजं सोल्यूशन भरून त्यात ठेवा. खोक्यावर 'चोळायची गरज नाही' लिहिलेलं असलं तरी चोळा. कालच्या सोल्यूशनमध्ये आजची भर घालायची नाही. ते म्हणजे कालच्या खरकट्या ताटात आज वाढून घेणं. सकाळी डबी ओतून रिकामी करा, सोल्यूशननं विसळा, कोऱ्या टिश्यूवर पालथी घालून सुकू द्या, आणि तीन महिन्यांनी डबीच बदला. बाटलीवर फोडल्याची तारीख लिहा. बहुतेक बाटल्या फोडल्यापासून ९० दिवसांपर्यंतच वापरायच्या असतात. सलाईन म्हणजे सोल्यूशन नव्हे, त्यानं जंतू मरत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साईडचं सोल्यूशन घेतलंत तर त्याच्याच खास डबीत निदान सहा तास ठेवल्याशिवाय लेन्स डोळ्यात घालू नका, डोळा भाजल्यासारखा होतो.

या सगळ्यात नळाचं पाणी कुठंच आलं नाही, हे ध्यानात घ्या. साध्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असतो. नळाच्या, विहिरीच्या, नदीच्या, तळ्याच्या, पोहण्याच्या तलावाच्या, सगळ्या पाण्यात सापडतो. पिताना त्याचा काही त्रास नाही. लेन्सखाली अडकला तर मात्र तो कॉर्नियात शिरतो. अडचण आली की स्वतःभोवती कवच करून बसतो, आणि पाण्यातल्या क्लोरीनला ते कवच जुमानत नाही. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि काहींची नजर जाते. पाणी फिल्टरचं, उकळलेलं, बाटलीतलं असलं तरी लेन्सला लावायचं नाही. थुंकी तर मुळीच नाही. कॉलेजात असताना एकदा सोल्यूशन संपलं म्हणून मी हॉस्टेलच्या नळाखाली लेन्स धरली होती. डोळे तपासायचं शिक्षण घेत असताना! नशीब बलवत्तर, काही झालं नाही. पण तो नळ आठवला की अजून अंगावर काटा येतो.

आंघोळीला, पोहायला लेन्स घालून जायचं नाही. पंचगंगेच्या घाटावर उडी मारणारा असो की मळ्यातल्या विहिरीत सूर मारणारा, लेन्स काठावर राहिली पाहिजे. गाडीवर पावसाचे चार थेंब आले तर बिघडत नाही, हेल्मेटची काच खाली घ्या. पण पुराचं पाणी घरात शिरलेलं असताना, चिखल उपसताना, त्या पंधरवड्यात चष्माच.

गुलाल, माती, ठिणग्या

जोतिबाच्या चैत्र यात्रेला लेन्स घालून जाऊ नका. तिथं गुलाल पायाखाली असतो, हवेत असतो, पापणीच्या केसात असतो. त्याचा कण लेन्सखाली गेला की सँडपेपर. गणपती विसर्जनाची मिरवणूक, निवडणुकीचा निकाल, तेच. तालमीत उतरणाऱ्या पोरांना मी सरळ सांगते, तांबड्या मातीत लेन्स नाही. गुऱ्हाळावर काहिलीजवळ उभं राहिलं की चिपाडाच्या धुरानं डोळे चुरचुरतात आणि लेन्स कोरडी पडते. उष्णतेनं ती वितळून डोळ्याला चिकटते हे मात्र थोतांड आहे, लग्नातल्या होमासमोर नवरी निवांत बसू शकते.

शिरोलीच्या फाउंड्रीत, उद्यमनगरात लेथवर, ग्राइंडरवर काम असेल तर लेन्स म्हणजे संरक्षण समजू नका. वरून सेफ्टी गॉगल हवाच.

नवरीसाठी एवढंच: हळदीच्या दिवशी चष्मा. लग्नाच्या दिवशी लेन्स आधी, मेकअप नंतर. हेअरस्प्रे मारताना डोळे गच्च मिटायचे. काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरायचं नाही. रात्री लेन्स आधी काढायची, मग चेहरा पुसायचा. आणि पाठवणीच्या गडबडीत लेन्स घालूनच झोपायचं नाही. लेन्स घालून झोपणाऱ्यांत डोळ्याच्या जंतुसंसर्गाचा धोका सहा ते आठ पटीनं वाढतो. दुपारची डुलकीसुद्धा त्यात धरा. पर्समध्ये जुना चष्मा असू द्या, करवलीकडे नको.

डोळा बिघडला तर

डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसायला लागलं, की लेन्स लगेच बाहेर. काढल्यावर तासाभरात बरं वाटलं नाही तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही नेत्रविभाग आहे. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या, जंतू कुठला ते तपासायला उपयोग होतो. पट्टी बांधू नका. मेडिकलवाल्याकडून "डोळ्याचा ड्रॉप द्या" म्हणून काहीही आणून टाकू नका. त्यात स्टिरॉईड असलं तर लाली एका दिवसात उतरते आणि आत जंतू मोकाट सुटतो. गुलाबपाणी, मध, दूध यांचं नावसुद्धा नको. साथीत डोळे आले, जसे २०२३ च्या पावसाळ्यात सगळ्या महाराष्ट्रात आले होते, तर पूर्ण बरे होईपर्यंत लेन्स बंद. त्या दिवसांतली जोडी आणि डबी दोन्ही टाकून द्यायची.

तक्रार नसली तरी पहिल्या आठवड्यानं एकदा दाखवून जा, नंतर वर्षातून एकदा. लेन्स घालूनच या, म्हणजे ती कशी बसलीय ते बघता येतं.

कागलची पोरगी आठवड्यानं आली. घालायला आता तीन मिनिटं. काढायला डावा हात अजून घाबरतो म्हणाली. डोळे स्वच्छ होते. आई मागच्या खुर्चीत गप्प बसली होती. लेक पैसे द्यायला गेल्यावर पुढं सरकून हळूच म्हणाली, "मला बी जमंल काय ओ? सेहेचाळीस चालू हाय." मी म्हटलं, जमेल की. पण तुमचा जवळचा नंबर आलेला असणार. त्याला लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल लेन्स बघाव्या लागतील, नाहीतर एका डोळ्याला लांबचा आणि एकाला जवळचा नंबर देऊन बघू, सगळ्यांना ते मानवतंच असं नाही. या वयात डोळे कोरडेही पडतात, ते आधी तपासू. तिनं काही न बोलता दोन्ही हात पालथे-उताणे करून माझ्यापुढं धरले. नखं कापलेली होती. मी खुर्ची मशीनसमोर ओढली.